कुठेच बोचत नाही

नाही हो ताई, चप्पल चोरीला नाही गेली. सगळ्यांना आधी तेच वाटतं – कुठे तरी बाहेर काढून ठेवली असणार नि दुसरंच कुणी पाय घालून चालतं झालं असणार – आणि मग लोक बिचारे इकडेतिकडे बाकाखाली वाकून बघायला लागतात, तुम्ही आत्ता बघितलंत तसं. मी घालतच नाही. नवस आहे माझा. होता. थांबा – आहे की होता, तेच तर मला आज इथे बसून ठरवायचंय, आणि तेवढ्यासाठी बुटांच्या दुकानात अनवाणी येऊन बसलेय, मांडीवर बुटांचाच खोका घेऊन. हसा, हसा, मलाही हसू येतं. तर त्याचं असं झालं – आमचे हे कामावर असताना छातीत कळ येऊन कोसळले. त्यांना दवाखान्यात आत नेलं आणि मी बाहेर त्या लांबलचक बोळासारख्या जागेत बसलेली, हातात त्यांचं घड्याळ, चष्मा, नि शर्ट – कापून काढलेला होता शर्ट, मी आपली घडी घालत होते त्याची, कापलेल्या शर्टाची कुणी घडी घालतं का? तेवढ्यात एक नर्स समोरून धावत गेली. तिचे ते धावणारे पाय बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं – देवा, हे पुन्हा आपल्या पायांनी धावेपर्यंत मी पायात काही घालणार नाही. आता बघा, 'चालेपर्यंत' म्हणायचं की नाही माणसानं? छातीचं दुखणं, वय हे असं, कोण धावायला बसलंय पुढे? 'चालेपर्यंत' म्हटलं असतं तर लवकर सुटले असते. पण ती नर्स धावत होती ना, म्हणून धावणंच आलं तोंडात. देवापाशी बोललेला शब्द फिरवता येतो का? नाही येत. चपला तिथेच बाकाखाली सारल्या आणि तशीच घरी आले. नव्या होत्या हो.

आणि देवानं ऐकलं. मी त्याच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही, माझा त्याच्याशी काही तंटा नाही. हे आधी उठून बसले, मग भिंतीला धरून, मग माझ्या खांद्याला धरून, मग गल्लीच्या टोकापर्यंत – आणि एक दिवस मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर समोरच्या वळणावर बस सुटत होती आणि हे धावले. चक्क धावले ताई, पिशवी छातीशी धरून, लहान मुलासारखे, आणि चढले पण बसमध्ये. माझ्या हातातला ओला टॉवेल खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंडीत पडला, त्या वर बघून काय काय बोलत होत्या, मला काही ऐकूच येईना. खाली बसले नि रडले. मग दिवा लावला, देवाला म्हटलं, तू पावलास, मी फेडला, आता आपण दोघंही मोकळे. संध्याकाळी माळ्यावरून चपलांचा एक जुना जोड काढला, पुसला, दाराशी ठेवला आणि ह्यांना सांगितलं – उद्यापासून घालणार हं मी. हे चहा पीत होते. म्हणाले, 'इतक्यात नको गं. गोळ्या चालू आहेत अजून. जरा स्थिर होऊ दे, मग बघू.' मला काय, पटलं. जीव आपल्या माणसाचा, त्यापुढे चपलेचं काय? ठेवल्या परत माळ्यावर. पण आता बसल्या बसल्या विचार करते तेव्हा वाटतं – नवस बोलले मी, पावला देव, आणि मुदत वाढवून घेतली ह्यांनी. असं कधी ऐकलंत तुम्ही? मी तर नाही ऐकलं.

मग डॉक्टर म्हणाले रोज चाला, हे म्हणाले चालतो कशाला, धावतोच. त्या धावण्याचं त्यांना वेड लागलं, अगदी वेड. पहाटे उठायचं, लिंबाचं पाणी – ते मी करायचं – पायमोजे उन्हात वाळलेले पाहिजेत, सावलीतले चालत नाहीत – ते मी वाळवायचे – आणि बूट. बुटांचं तर काय सांगू तुम्हाला. आधी एक जोड होता. मग कुणी तरी सांगितलं, लांब धावायचं तर टाचेखाली जाड गादी हवी, मग गादीचा आला. मग पावसाळी वेगळा, मग शर्यतीचा वेगळा, तो एरवी घालायचाच नाही, नुसता काढून बघायचा. दाराशी आमची बुटांची लाकडी मांडणी आहे. त्यात माझा एक खण रिकामाच होता, त्यात एके दिवशी ह्यांचा जोड दिसला. मी म्हटलं, 'अहो, हा माझा खण.' तर म्हणाले, 'तुझं काय ठेवायचंय त्यात?' रागानं नाही हो म्हणाले, खरंच विचारत होते. माणूस वाईट नाही. हात उचललेला नाही कधी, घरात कशाला कमी नाही. नुसतं – काय म्हणू – त्यांना दिसत नाही. समोर असलेलं दिसत नाही.

आणि नवसाची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. त्यांचा तो धावणाऱ्यांचा गट आहे ना, त्यातल्या बायका मला भेटल्या की हात हातात घेतात, म्हणतात, तुमचं किती प्रेम! त्यांच्या पायांत काय काय असतं, निळं, गुलाबी, आणि माझे पाय बघून त्यांचे डोळे भरून येतात. एकदा तर एका शर्यतीनंतर ह्यांना बोलायला उभं केलं. म्हणाले, 'माझ्या पायांत जे बळ आहे ते माझ्या बायकोच्या अनवाणी पायांचं आहे.' काय टाळ्या पडल्या! मी मैदानाच्या कडेला डांबरावर उभी, ऊन मी म्हणत होतं, एक पाय खाली एक वर, मग दुसरा खाली पहिला वर – बगळ्यासारखी. लोकांना वाटलं, बाई भारावून डोलतेय. एकीनं पाणी आणून दिलं, मला वाटलं देवच पावला, ते मी पायांवर ओतून घेतलं. तिला ते बरं नाही वाटलं बहुतेक. प्यायला दिलं होतं तिनं.

कंटाळा तर नाही ना आला? ती दुकानातली बाई अजून आतच आहे, त्या उंच गिऱ्हाइकाला कुठलाच बूट बसत नाहीये वाटतं. बरं, तर एकदा मी घातल्या चपला. बहिणीच्या घरचं कार्य होतं, ती म्हणाली, चार लोकांत अशी नको गं येऊ, लोक मला नावं ठेवतील. तिच्याच घातल्या, मापात नव्हत्या, तरी घातल्या, एक दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांचा पाय मुरगळला. दोन माणसांनी धरून आणलं, सोफ्यावर बसवलं, घोटा हा एवढा सुजलेला – आणि ताई, पाय मुरगळला त्यांचा आणि बघितलं त्यांनी माझ्या पायांकडे.  नुसतं बघितलं. मी शेक आणायला आत पळाले. तेव्हापासून मी विचारणंच सोडलं. 'मग बघू' हे ऐकायला सुद्धा मी विचारलं नाही परत.

टाच दुखायला कधी लागली ते सांगता नाही येणार. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पडल्यासारखं व्हायचं. मग दुपारीसुद्धा. मग ओट्यापाशी उभं राहिलं की मी आपली एका पायावरून दुसऱ्यावर. भाजी बसून चिरायला लागले, कपडे बसून घड्या घालायला लागले, देवापुढे उभी राहायचे ती बसून हात जोडायला लागले – वाटायचं, वय झालं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, हे बरोबर होते, त्यांनाच गुडघा दाखवायचा होता, मी आपलं लगोलग दाखवून घेतलं. डॉक्टरांनी माझी टाच अंगठ्यानं दाबली आणि मी अशी ओरडले की बाहेरचे लोक गप्प झाले. ते म्हणाले, टाचेखाली जन्मतः एक गादी असते मऊ, ती तुमची झिजून गेलीय, आता हाड जवळजवळ जमिनीवर टेकतंय. कठीण फरशीवर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरात सुद्धा नाही, जाड गादीचे बूट घाला, धावणारे घालतात तसे, नाही तर पुढे घरातल्या घरात चालणं मुश्कील होईल. तर हे हसले – अभिमानानं हसले – म्हणाले, 'तिचा नवस आहे, डॉक्टर.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'कशासाठी?' हे म्हणाले, 'माझ्यासाठी.' डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर हे म्हणाले, 'मलम लाव, बरं वाटेल. शर्यत होऊ दे, मग बघू.'

आता या बुटांचं. ह्यांचा नवा जोड पुढून आवळत होता. खोक्यावर कंपनीचा फोन असतो, अडचण असेल तर विचारा म्हणून. हे म्हणाले, तू लाव, मला असलं बोलणं जमत नाही. लावला. एक बाई बोलली, आवाजावरून चाळिशीची असेल, सावकाश बोलणारी. म्हणाली, बूट घालून उभं राहायला सांगा, संध्याकाळी बघा, संध्याकाळी पाय फुगलेले असतात, आणि मोठ्या बोटाच्या पुढे तुमचा अंगठा ठेवा आडवा, तेवढी जागा हवी. मी फोन कानाशी धरून खाली बसलेली, ह्यांच्या पायाशी, अंगठ्यानं त्यांचं बोट चाचपतेय, टाच उचलते का बघतेय, लेस वरच्या भोकातून ओवतेय, आणि हे उभे, हातात पेपर – म्हणाले, 'तिला विचार, निळा आहे का.' मग त्यांचं झालं, ते आंघोळीला गेले. ती बाई म्हणाली, जुन्या जोडाची गादी बसलीय का तेही सांगा, म्हणजे नवा केव्हा लागेल ते कळेल. आत पाय घालून उभ्या राहा नि बघा, दबल्यासारखं वाटतं का. मी घातला पाय. ह्यांचा जुना, माझ्या पायाला होडीएवढा. उभी राहिले. आणि ताई – दुखलं नाही. फोनवर म्हटलं, 'दुखत नाहीये.' ती म्हणाली, 'छान, म्हणजे गादी अजून आहे.' मी म्हटलं, 'नाही हो, तसं नाही. दुखत नाहीये.' आणि मला रडूच फुटलं. नळाचा आवाज येत होता आतून म्हणून बरं.  फोन ठेवला नाही तिनं. मग म्हणाली, 'तुम्हाला कुठे दुखतं?' बघा, किती साधा प्रश्न. मला, तुम्हाला, कुठे दुखतं. परक्या बाईनं, फोनवर.

तिनं विचारलं, रोज किती धावता? मी म्हटलं, मी कुठली धावतेय, घरी असते. मग उभ्या किती वेळ असता? म्हटलं, बसते कधी ते विचारा. हसली. म्हणाली, नंबर काय तुमच्या पायाचा? आणि मला सांगताच येईना. ह्यांचा तोंडपाठ, मुलीचा पाठ, सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचाही सांगेन – माझा नाही. मग तिनं या दुकानाचा पत्ता दिला, म्हणाली, तिथे आमची माणसं पाय मोजून देतात, जोड घरी न्या, महिनाभर घाला, बसला नाही तर परत घेतो. बसला नाही तरच हं, हे तिनं बजावून सांगितलं. मी म्हटलं, अहो पण मी घालणार कुठे? माझं सगळं चालणं घरातलं, आणि घरात बूट? माझा देव स्वयंपाकघरातच आहे, कोपऱ्यात, बूट घालून त्याच्यापुढे वावरू? तर म्हणाली – इतकं सोपं होतं आणि मला सुचलं नव्हतं – रस्त्यावर कधी नेऊच नका. उंबऱ्याच्या आतच घाला, आतच काढा. रस्ता लागला नाही तर बूट कसले घाणेरडे? पायमोजाच तो, जाड. असा आधार मला डॉक्टरांनीही दिला नव्हता.

आले इथे, पहिल्यांदा. आत्ता आतमध्ये आहे ना, तिनंच मोजलं. माझा पाय धरून त्या पट्टीवर ठेवला, मी मागे ओढला – पायाला कुणी हात लावला की कसंसंच होतं – तिनं परत धरला. म्हणाली, उजवा डाव्यापेक्षा मोठा आहे तुमचा, मोठ्या पायाचं माप घ्यायचं असतं. इतकी वर्षं माझेच पाय आहेत हे, मला माहीत नव्हतं. एक जोड पुढून आवळला, दुसरा टाचेला निसटला, आणि तिसऱ्यात पाय घातला तर वाटलं, कुणी तरी खालून धरलंय. घेतला. मीच बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतला, कुणाला विचारलं नाही. पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायला लागले. हे पहाटे बाहेर पडले की घालायचे, यायच्या आत काढायचे. पहिल्या दिवशी देवापुढे पडदा ओढला मी, खरं सांगते! बूट दिसू नयेत म्हणून! मग मलाच हसू आलं, त्याच्यापासून काय लपवणार, आणि पडद्याखालून पाय तर दिसतच होते. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, म्हटलं, बघ. काय म्हणणार तो? काही नाही म्हणाला. किती तरी दिवसांनी उभ्यानं आरती म्हटली मी, पूर्ण, खुर्ची न धरता.

आणि आता खरी गंमत सांगते – गंमत कसली, तेच डोक्यात घोळतंय. मी घरात बूट घालून वावरत होते त्याच दिवसांत हे आजवरचं सगळ्यात चांगलं धावले. गुडघा दुखला नाही, दम लागला नाही. आल्यावर नाचायचेच बाकी होते. म्हणाले, 'बघ, तुझं पुण्य!' मी पाण्याचा पेला पुढे केला. आनंद व्हायला हवा होता ना? झाला. पण लगेच दुसरंच मनात आलं. म्हटलं, माझ्या बुटांनी काही बिघडत नसेल, तर माझ्या अनवाणी असण्यानं काही घडत होतं का? की नव्हतंच? मग तेव्हा, त्या दवाखान्यात, तेही – नाही, नाही, तिथे मी थांबवलं स्वतःला. असं बोलू नये. खूप विचार केला मी यावर, पोळले अगदी. आणि मला वाटतं ताई, देवानं त्याचं काम तेव्हाच केलं. ते बस पकडायला धावले त्या दिवशी तो मोकळा झाला, आणि मलाही मोकळं केलं होतं त्यानं. नंतरचं जे काही होतं – ते डांबर, ती फरशी, ते टाचेतले खिळे – ते त्यानं मागितलंच नव्हतं. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. ते घरातल्या घरातच कुणी तरी ठेवून घेतलं. मी कुणावर आळ घेत नाही हं. पण ठेवून घेतलं.

परवा हे लवकर आले, वाटेतूनच. मी ओट्यापाशी, पायात बूट, भांडी घासत होते, दार वाजलेलं कळलं नाही. वळले तर दारात उभे. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, कुणी ओरडलं की आपल्यालाही बोलता येतं. ह्यांनी खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून बसवलं आणि खाली बसले. माझ्या पायाशी. लग्न झाल्यापासून कधी बसले नव्हते – मी त्यांच्या पायाशी किती वेळा बसले त्याला सुमार नाही, ते माझ्या पहिल्यांदाच. माझा जीव वेडा, मला वाटलं, आता विचारतील. आता विचारतील कुठे दुखतं. तर ह्यांनी लेस सोडली. हळूच, अगदी जपून, एक सोडली, मग दुसरी, बूट काढले, तळ बघितला, कापडानं पुसला – पुसायला काय होतं त्यावर, धुळीचा कण नव्हता – आणि डब्यामागे चुरगळून ठेवलेला हा खोका त्यांनीच शोधला, त्यांनीच आत ठेवले. म्हणाले, 'रविवारी मोठी शर्यत आहे. आत्ता काही विषाची परीक्षा नको. देऊन ये परत. शर्यत होऊ दे, मग बघू.' मी हो म्हटलं. का म्हटलं? सवय. आणि भीती पण – खोटं कशाला बोलू – रविवारी खरंच काही झालं, तर ते परत माझ्या पायांकडे बघतील.

म्हणून आज आले. चालत आले, हे असेच, आणि तुम्ही येण्याआधी तिच्यापुढे खोका ठेवला, म्हटलं परत घ्या. तिनं बूट उलटेपालटे केले. तळ कोरा करकरीत. म्हणाली, घातलेच नाहीत का? म्हटलं, घातले, घरात घातले. तिनं आत हात घातला, म्हणाली, हो की, पाय छान उमटलाय तुमचा. मग परत का? कुठे बोचतं?  पुढे आवळतो का? नाही. टाच निसटते? नाही. घोट्याला लागतो? नाही हो. कुठेच बोचत नाही. म्हणाली, मग मी काय कारण सांगू वर? बसत नाही म्हणालात तर आत्ता घेते. म्हणजे मला एवढंच म्हणायचं होतं – बसत नाहीत. दोनच शब्द. आणि माझ्या तोंडून येईनात. मी खोटं बोलत नाही असं नाही, शेजारणीला साखर संपली म्हणून सांगितलंय मी डबा भरलेला असताना. पण हे नाही आलं. इतक्या नीट बसलेल्या गोष्टीला बसत नाही कसं म्हणू? माझ्या मापाचं असं दुसरं काय होतं माझ्याजवळ? ती म्हणाली, बसा, विचार करून सांगा, मी तोवर त्या गिऱ्हाइकाचं बघते. म्हणून बसलेय. आणि तुम्ही विचारलंत चप्पल हरवली का, आणि मी आपली सुरूच झाले. कुणाला एवढं बोलले नव्हते हो. मुलीलाही नाही. तिला सांगितलं तर ती वडिलांशी भांडेल, आणि मग ते दोघं बोलायचे नाहीत, आणि मग परत कुणी तरी काही तरी नवस बोलायला लागायचं.

रविवारी पडले तर? पडले तर पडले, असं म्हणायला जीभ रेटत नाही माझी. पण बसल्या बसल्या एक सुचलंय मला, तुम्हीच सांगा बरोबर आहे का. ते पडले, देव न करो, पण पडले, तर त्यांना उचलायला धावणार कोण? मीच ना? आणि आता मी अनवाणी इथून त्या दारापर्यंत धावू शकत नाही. बोलावलं तरी पोचणार नाही. मग माझ्या नुसत्या उघड्या पायांचा त्यांना उपयोग काय? फोटोत दाखवायला? टाळ्यांना? ... हो. तेच. मग ठरलं की काय? ठरलंच म्हणायचं. अहो, जरा धरा हा खोका. झाकण तिकडे ठेवा. आधी उजवा, मोठा आहे तो. घरी कोण काय म्हणेल ते मी ऐकून घेईन, उभ्यानं ऐकून घेईन, आता येतं मला उभं राहता. देवाला मी सांगितलंय केव्हाच, ह्यांना आज सांगेन – मुदत संपली, आणि 'मग बघू' माझ्यापुढे म्हणू नका. असं म्हणेन? म्हणेन. आवाज बारीक लागेल, पण म्हणेन. लेस वरच्या भोकातून घेतली की टाच हलत नाही, बघा.

आणि तुमच्या हातात काय आहे हो, मघापासून कागदात गुंडाळलेलं? मुलाचा बूट? माप दाखवायला आणलात? चांगलं केलंत, पण ही तुमची चप्पल – हे काय हो, तार बांधलीय अंगठ्याला? आणि टाच अशी बाहेर आलेली, अर्धी जमिनीवर. दुखत नाही म्हणता? मीही तेच म्हणायचे. नंबर काय तुमचा? ... बघा. नाही ना सांगता येत?

आली ती. अहो बाई, माझं राहू द्या, मी काही परत देत नाहीये, बसतात मला, उत्तम बसतात. या ताईंचं बघा. नाही नाही, मुलाचं मागाहून, तो बूट ठेवा बाजूला – ती पट्टी आणा आधी. ताई, लाजू नका, मीही पाय ओढून घेतला होता. काढा चप्पल. ठेवा पाय.